कापून टाकलेली सावली

रामटेक,
११ नोव्हेंबर २०२४

आत्या,

पोचली मी. फोनवर तिसऱ्या मिनिटाले आपलं भांडण होते, म्हणून यापुढं पत्रच लिहायचं, असं बस सुटता सुटता तू म्हटलं होतं. मले वाटलं, रागात बोलली असशील. पण बॅग उघडली तर डब्याखाली दहा पाकिटं. तिकिटं चिकटवलेली, सक्करदऱ्याचा पत्ता तुझ्याच अक्षरात. म्हणजे भांडायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं ना?

काम चांगलं आहे. रामटेकच्या पुढं एका गावची शाळा आहे. तिथल्या मोठ्या बाई यमुताई, त्यांनी मागच्या भिंतीवर काहीतरी काढून मागितलं. मोर, कमळ, 'पाणी वाचवा', हे तर साऱ्याच शाळांवर असते. मी म्हटलं, बाई, तुमच्या गावाच्या सावल्या काढू का? त्या म्हणाल्या, "सावलीत काय दिसते वं पोरी?" मी त्यांनाच भिंतीसमोर उभं केलं.

साडेचारले ऊन आडवं होते. तेव्हा माणूस भिंतीपासून हातभर दूर उभा राहिला की सावली अशी पडते, जशी चाकूनं कापली. कोळशानं कड ओढायची, मग आतून काळा रंग भरायचा. पण घाई करावी लागते. डोक्यापासून सुरुवात केली तर पायापर्यंत येईस्तोवर सावली बोटभर सरकलेली असते. म्हणून माझ्या साऱ्या माणसांचे पाय थोडे पुढं निघालेले दिसतात. लोक म्हणतात, चालून राहिले वाटते. मी म्हणते, हो, मुद्दाम तसे काढले.

यमुताईंच्या सावलीले नाक-डोळे काही नाही, चष्म्याची एक काडी तेवढी बाहेर आली. तरी दुसऱ्या दिवशी पोट्टे भिंतीसमोर ताठ उभे राहून 'गुड मॉर्निंग म्याडम' म्हणाले. मले हेच आवडते. फोटो काढतो म्हटलं की माणूस पोट आत घेते. सावली काढतो म्हटलं की पोट विसरून जाते. अन् सावलीत काळा-गोरा नाही, साडी जुनी की नवी ते नाही, म्हातारी बाई पाठमोरी उभी राहिली तर पोरगीच दिसते. एक आजी तर स्वतःच्या सावलीले पाहून म्हणाली, "ही तर माझी माय आहे!"

काय सांगत होती मी? हां, परवा गडावर गेली तर माकडानं पिशवीतला कोळसा पळवला. चाखला, थुंकला, अन् माझ्याकडं असं पाहिलं जसं मीच त्याले फसवलं.

आता खरी गोष्ट. रागावू नको. तुझ्या कपाटातल्या अल्बममधले माझ्या लहानपणचे चार फोटो मी न विचारता आणले. सक्करदऱ्याच्या बगिच्यातला, लाल फ्रॉकमधला, तोही आणला. इथं रोज पाहते. पाहता पाहता एक समजलं. चारही फोटो खालून कापलेले आहेत. बगिच्यातल्या फोटोत तर माझा एक बूटही अर्धाच आहे. अन् कापलेली कड नागमोडी आहे. आपल्या घरी झिगझॅग कात्री एकच आहे, अन् तिले दुसऱ्या कोणी हात लावला तर तू आठ दिवस बोलत नाही.

तर दोन प्रश्न. हे फोटो काढले कोणी? अन् खाली काय होतं?

तुझी,
रितू

*

सक्करदरा, नागपूर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. रितिका,

आशीर्वाद. अन् चार फोटोंच्या चार चापटा, त्या घरी आल्यावर.

चोरी केली ते केली, वरून मलेच कोर्टात उभं करते! फोटो तुझ्या आईनं काढले. आणखी कोण काढणार? कॅमेरा तिचा होता, तिच्या भावानं दिलेला, रोलवाला. घरात दुसऱ्या कोणाले तो चालवता येत नव्हता. म्हणून त्या फोटोत तू आहे, तुझा बाप, म्हणजे आमचा दादा आहे, मी आहे, अन् ती नाही. साधी गोष्ट आहे. यात काय शोध लावते?

खालून कापले कारण ओल लागली होती. त्या साली कूलरचं पाणी कपाटात गेलं होतं. झालं समाधान?

इकडचं ऐक. समोरच्या प्रयागबाईनं विचारलं, पोट्टी सध्या काय करून राहिली? मी म्हटलं, शाळेच्या भिंतीवर चित्रं काढते. म्हणे, मोर? मी म्हटलं, नाही, माणसांच्या सावल्या. काळ्या रंगात. तर म्हणाल्या, "अवं माय, म्हणजे काळ्या मारबती!" आता साऱ्या गल्लीत झालं आहे की वच्छलाची भाची गावोगाव मारबती काढत फिरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक मारबत मिरवतात, 'ईडा पीडा घेऊन जा' म्हणतात अन् नेऊन जाळतात. तू तर पक्क्या रंगात ठेवून येते. ज्याच्या भिंतीवर काढली त्यानं विचारलं का, बाई, ही जाईल कधी?

हसू नको. मले दिसते तू हसून राहिली.

काल सांबारवडी केली. तुझ्या वाटच्या वड्या प्रयागबाई खाऊन गेल्या, वरून म्हणाल्या तिखट कमी आहे. दादा चंद्रपूरहून एक तारखेले येणार आहे. खाणीत ड्युटी बदलली त्याची. तुझी चौकशी करत होता. म्हणजे 'ती कुठं आहे' एवढंच म्हणाला, पण दोनदा म्हणाला.

तुझ्या आईचा फोटो समोरच्या खोलीत हार घालून ठेवला आहे. पाहायचं तर घरी येऊन तो पाय. अर्धे बूट मोजत बसू नको.

थंडी वाढली. कान बांधून झोपत जा.

आत्या

*

साकोली,
८ डिसेंबर २०२४

आत्या,

कूलरचं पाणी? चारही फोटोंत ओल बरोबर एकाच उंचीवर चढली, स्केलपट्टी लावून?

मी आता साकोलीजवळच्या शाळेत आहे. यमुताईंनीच इथल्या गुरुजीले सांगितलं. काल एक आजोबा आपला बैल घेऊन आले, म्हणे याची काढ. बैल काही उभा राहीना. शेवटी त्याच्यासमोर पेंढी धरली, तेव्हा कुठं शिंगं मिळाली. आजोबा मागं सरकून पाहतात अन् म्हणतात, "माझी राहू दे. याची आली म्हणजे माझी आली." असं काही ऐकलं की मले दिवसभर दुसरं सुचत नाही.

पण हे ऐक. बगिच्यातल्या फोटोत तुझी कात्री एका जागी वर चढली नाही. डावीकडच्या बुटाच्या खाली अंगठ्याएवढं काळं राहून गेलं. तुले डाग वाटला असेल. मी महिनाभरापासून सावल्यांशिवाय काही पाहून नाही राहिली, आत्या. ते डोकं आहे. वर केसांचा थोडा उंचवटासुद्धा आहे.

मग मी नीट पाहिलं. माझी स्वतःची सावली फोटोत माझ्या मागं पडली आहे. म्हणजे ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर होतं. म्हणजे फोटो काढणाऱ्याची सावली जमिनीवरून सरळ माझ्याकडं येत होती, माझ्या बुटापर्यंत. तू ओल नाही कापली. तू आईची सावली कापली.

समोरच्या खोलीतला फोटो मी रोज पाहतच मोठी झाली. तो मतदान कार्डावरून मोठा केलेला आहे. इतका मोठा केला की आई दिसत नाही, ठिपके दिसतात. लग्नाच्या अल्बममध्ये मान खाली, मुंडावळ्या, अन् गालावर इतकी पावडर की नवरी कोणीही असू शकते. मी चार वर्षांची असतानी तिले कावीळ झाली अन् ती गेली, एवढं मले पाठ आहे. बाबाले काही विचारलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

ती उभी कशी राहायची, हे मले माहीत नाही. कमरेवर हात ठेवायची का? एका पायावर भार द्यायची का? चेहरा कोणीही फोटोपुरता जमवून घेते. उभं राहणं कोणाले जमवता येत नाही, म्हणून तर मी हे काम करते. आतापर्यंत दीडशे लोकांचं उभं राहणं काढलं. अन् ज्या एका बाईचं मले पाहिजे, ते तुझ्या कात्रीखाली गेलं.

मी भांडून नाही राहिली. तू तर ब्लाउजच्या चिंध्यासुद्धा फेकत नाही. त्या पट्ट्या कुठंतरी असतीलच. पाठव. बाकी काहीच विचारणार नाही.

रितू

*

नागभीड,
१२ जानेवारी २०२५

आत्या,

महिना उलटला. तुझं पत्र नाही. साकोलीच्या गुरुजीले दोनदा विचारलं, ते म्हणाले, पोरी, आलं असतं तर मी काय त्याची भाजी केली असती?

नवा पत्ता मागं लिहिला आहे. इथं रेल्वेच्या रुळापलीकडं शाळा आहे, भिंत लांबच लांब, अन् ऊन अगदी मनासारखं.

तू रागावली असशील तर तसं लिही. 'रागावली' एवढा एकच शब्द लिही. बिमार असशील तर तेही लिही, मी उद्याच निघते. फोन लावणार होती, पण मले माहीत आहे, तू 'हो, हो, जेवली का' म्हणशील अन् मले काहीच समजणार नाही.

पट्ट्या नसतील तर नसू दे.

रितू

*

सक्करदरा, नागपूर
२७ जानेवारी २०२५

चि. रितू,

रागावली नाही. बिमारही नाही. लाज वाटत होती. पन्नाशीच्या बाईले लाज वाटली की ती कामात लपते. या दीड महिन्यात मी लग्नसराईचे साठ ब्लाउज शिवले.

पट्ट्या नाहीत. मी त्या बंबात घातल्या होत्या, तेव्हाच.

आता पूर्ण सांगते. मधात थांबवू नको. पत्र आहे म्हणून थांबवू शकतही नाही, तेवढं बरं आहे.

रोल धुऊन आला की कामिनी वहिनी एकेक फोटो पाहून हसायची. "पाहा ना ताई, पुन्हा मीच आली मधात!" ऊन पाठीवर घेऊन फोटो काढायची सवय, मग सावली येणारच. स्टुडिओवाला म्हणायचा, फोटो खराब झाले. ती म्हणायची, खराब कशाचे, मी आहे ना त्यात. ती होती तोवर एकाही फोटोले कात्री लागली नाही.

ती गेल्यावर वर्षभरानं प्रयागबाई म्हणाल्या, गेलेल्या बाईची सावली लेकरावर पडलेली बरी नाही. मी मान हलवली. तुले मी हेच कारण सांगणार होती. तसं लिहूनही ठेवलं होतं, मग फाडलं. ते कारण खोटं आहे. मी अशा गोष्टी मानत नाही, हे तुले माहीत आहे.

खरं असं की तू रोज दुपारी तो अल्बम घेऊन बसायची. पान उलटायची, त्या काळ्या सावलीवर बोट ठेवायची अन् म्हणायची, "आई." पान उलटलं, बोट ठेवलं, "आई." मी समोर मशीनवर बसली असायची. तुले न्हाऊ घालणारी मी, भरवणारी मी, तापात मांडीवर घेऊन बसणारी मी. अन् आई कोण, तर जमिनीवरचा काळा डाग. माझं लग्न जमलं नव्हतं. दादानं तुले माझ्या ओटीत टाकलं, तेव्हा मले वाटलं होतं, आता ही माझी.

एक दिवस तू झोपली अन् मी कात्री घेतली. झिगझॅग घेतली, म्हणजे कड शोभिवंत दिसेल. पाय माझी अक्कल.

दुसऱ्या दिवशी तू अल्बम उघडला. बोट ठेवायले गेली. कागदावरून बोट फिरवलं, उलटं करून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. रडली नाही. त्यानंतर अल्बम मागितलाच नाही. पंधरा दिवसांनी जेवता जेवता तू मले "आई" म्हणाली, अन् माझ्या हातातला घास तसाच राहिला. मीच तुले म्हटलं, आई नाही वं, आत्या म्हण. कापेपर्यंत हिंमत होती, पुढं नाही झाली.

अजून एक आहे. आता कशाले ठेवू? मले तिचा रागही होता. ती कॅमेऱ्याले कोणाचा हात लागू देत नव्हती. मी एकदा मागितला तर म्हणाली, "ताई, बटण दाबतानी हात हालला की सारं जाते." माझा हात हालणार! एका झटक्यात सुईत दोरा घालणारा माझा हात! ती गोष्ट मी वीस वर्षं गिळून ठेवली. बाई राहिली नाही, तरी राग राहिला.

तुझं नागभीडचं पत्र वाचलं अन् माळ्यावरची तिची पेटी उतरवली. निगेटिव्ह निघाल्या. साऱ्या एकमेकींना चिकटलेल्या, पापडासारख्या. त्या घेऊन सदरच्या बाजारात गेली. तीन दुकानांनी नाही म्हटलं. चौथ्या जुन्या स्टुडिओत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी उजेडाले धरून पाहिलं, म्हणाले, बाई, एकच येईल. आठ दिवसांनी बोलावलं. गेली तर कॉम्प्युटरवर तुझा बगिच्यातला फोटो. लाल फ्रॉक, पूर्ण बूट, अन् खाली सावली. ते म्हणतात, "खालचं काळं काढून टाकू का? दोन मिनिटाचं काम आहे." मी म्हटलं, "हात तर लावून पाहा!" दुकानातले सारे लोक वळून पाहायले लागले. मग मी हळू आवाजात म्हटलं, भाऊ, तिच्यासाठीच तर आली.

फोटो सोबत पाठवून राहिली, पुठ्ठ्यात घालून. सावली एक नाही, दोन आहेत. हे मले आठवत नव्हतं. डावीकडची, डोळ्याले कॅमेरा लावलेली, ती तुझी आई. उजवीकडं एक पाऊल मागं हात वर करून उभी आहे ती मी. तू कॅमेऱ्याकडं पाहावं म्हणून मी तुले हाका मारत असायची. साऱ्या मोहल्ल्याची मापं मले तोंडपाठ, पण माझं माप मी कधी घेतलं नाही, म्हणून मले पाहून ओळखू आलं नाही. पण कॅमेरा जिच्या हातात ती वहिनीच, यात शंका नाही.

उभी कशी राहायची विचारलं होतं ना. अशी राहायची. घे.

माफ कर असं लिहिणार होती. पण ते मागून काय होते? तू ठरव.

आत्या

*

नागभीड,
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. फोटो किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

आधी माफीचं. तू मले 'आई नाही, आत्या म्हण' म्हटलं, तिथंच तुझं सारं फिटलं. यावर आपण भांडायचं नाही, पत्रातही नाही. मले ते अल्बमचं काहीच आठवत नाही. एवढं मात्र खरं की भिंतीवर कोणाची सावली पूर्ण झाली की मी तिच्यावर बोट ठेवून पाहते. इथले गुरुजी म्हणतात, रंग सुकला का ते पाहून राहिली. मीही तेच समजत होती.

आता ऐक, अन् मशीन थांबवून ऐक.

मी फोटोवर पेन्सिलीनं चौकटी पाडल्या अन् शाळेच्या भिंतीवर तितक्याच मोठ्या चौकटी पाडून त्या दोन सावल्या काढल्या, माणसाएवढ्या. लहान फोटोत जे निसटते ते मोठं केलं की अंगावर येते. डावीकडची कॅमेरावाली आधी घेतली. डावा कोपर बाहेर, कपाच्या कानासारखा. उजवा कोपर मात्र अंगाले चिकटलेला. मी मनात म्हटलं, आई अशी एका बाजूनं काहून आवळून उभी राहिली? मग उजवीकडची घेतली. तिचा बाहेरच्या बाजूचा हात, म्हणजे उजवा हात, सरळ वर. खांद्याच्या वर, कानाच्या वर, बोटं पसरलेली. तो हात रंगवत होती अन् माझा ब्रश थांबला.

आत्या, तू पाचवीत बोरीच्या झाडावरून पडली होती. तेव्हापासून तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दोरीवर कपडे तू डाव्या हातानं फेकते. वरच्या फळीवरचा डबा पाहिजे असला की मले हाक मारते, अन् मी नसली की प्रयागबाईले. तुले त्याची इतकी सवय झाली की तू विसरूनच गेली. मी नाही विसरली. मी वीस वर्षं तुझे डबे काढून राहिली.

उठ, अन् उजवा हात वर करून दाखव बरं.

झालं? मग हात वर केलेली बाई तू नाही. तू डावीकडची आहे. कोपर अंगाले चिकटवून, मान थोडी वाकडी करून, सुईत दोरा घालतानी असते तशी. तुले मी एका नजरेत ओळखली. तू ओळखू आली, म्हणून जी उरली ती आई.

म्हणजे कॅमेरा तुझ्या हातात होता. तिनं दिला होता. वीस वर्षं तू ज्याचा राग धरला ते झालंच नव्हतं, किंवा एकदा झालं अन् पुढं तिनंच ते मोडलं. अन् कात्रीनं या फोटोतून तू दोघींना कापलं. माझ्या बुटाखाली जे डोकं उरलं होतं, ज्याले मी दोन महिने आई समजून जपलं, ते तुझं निघालं. मले त्याचं काहीच वाईट वाटलं नाही. थोडं हसू आलं, मग थोडं रडू आलं, मग गुरुजींनी चहा आणला.

आणखी एक. या फोटोत मी तिरळी दिसते, असं मले नेहमी वाटत आलं. कॅमेऱ्याकडं पाहून नाही राहिली मी, थोडी बाजूले पाहून राहिली. आता समजलं कोणाकडं.

ती अशी उभी राहायची, आत्या: सारं अंग त्या एका हातामागं ओढलेलं, एका कुशीवर कललेली, पदर सुटून वाऱ्यावर गेलेला. धड उभीच नाही. आता पडते की मग पडते. मले पाहून तू नेहमी म्हणते ना, 'बाई, एका जागी उभी तरी राहा'? ते कुठून आलं ते मिळालं.

एकच गोष्ट सावलीत येत नाही. तिचं तोंड उघडं आहे की बंद, ते समजत नाही. हात वर करून ती काहीतरी म्हणून राहिली असेल. तुले आठवते का? नसेल आठवत तर जोर लावू नको.

रितू

*

सक्करदरा, नागपूर
१८ फेब्रुवारी २०२५

रितू,

गॅलरीत जाऊन हात वर केला. खांद्यापर्यंत गेला, पुढं नाही गेला. समोरून प्रयागबाई ओरडल्या, "कोणाले बोलवून राहिली वं?" मी म्हटलं, कोणाले नाही, माप घेऊन राहिली.

चार दिवस काहीच आठवलं नाही. पाचव्या दिवशी एका बाहीले काज करत होती अन् हात थांबला. आठवलं म्हणू की दिसलं म्हणू, ते तुझं तू ठरव. तुझ्या त्या भिंतीनं मलेही सावल्या पाहायची सवय लावली.

संध्याकाळ होती. बगिच्यात चण्यावाला होता. तू ओट्यावर उभी राहून बूट काढायच्या मागं लागली होती. वहिनी फोटो काढता काढता थांबली, काय वाटलं कोण जाणे, गळ्यातला पट्टा काढला अन् माझ्या गळ्यात घातला. "ताई, हा तुम्ही काढा." मी म्हटलं, माझा हात हालला तर? म्हणाली, "हालू द्या." मी कॅमेरा डोळ्याले लावला, अन् मग मले एक तू दिसत होती, बाकी काहीच नाही. ती माझ्या मागं गेली. म्हणून तिचा हात मी कधी पाहिलाच नव्हता. आवाज तेवढा ऐकला, अगदी कानाजवळ, अन् कसा विसरली देवाले माहीत.

ती ओरडून राहिली होती, "रितू, इकडं पाय! हालू नको माय, आत्याचा पहिला फोटो आहे!"

अन् तू हालली नाही.

आत्या